सातबाऱ्यावरचं घराणं

काही घराण्यांच्या बखरी असतात. कुणाचा पूर्वज पानिपतावर गेलेला असतो, कुणाचा तिथून परत आलेला असतो. कुणाकडे सनद असते, कुणाकडे तलवार. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नसतं त्यांच्याकडे निदान 'होती, पण वाड्याच्या आगीत गेली' अशी तलवार असते. आमच्या घराण्यात तेवढीही नाही. आमचा एकही पूर्वज कुठल्याही लढाईत सापडत नाही. ज्या लढाया झाल्या त्या सगळ्या बांधावर झाल्या, आणि त्यांची दखल इतिहासकारांनी घेतली नाही, तलाठ्याने घेतली. तेव्हा आमचा बखरकार तलाठी आणि बखरीचं नाव सातबारा.

महसूल खात्याकडे गावाचे एकवीस नमुने असतात. त्यांतल्या सातव्यात जमीन कुणाची ते लिहितात आणि बाराव्यात तिच्यात काय पिकलं ते. हे दोन नमुने ज्याने एका पानावर आणले तो माणूस विनोदी असला पाहिजे, कारण सातव्यातली माणसं आणि बाराव्यातलं पीक यांची आमच्याकडे फार दिवसांत गाठ पडलेली नाही. सातव्यात नावं वाढत जातात, बाराव्यात पीक घटत जातं आणि क्षेत्राचा रकाना या दोघांकडे बघत जागचा हलत नाही. घरातलं कोण गेलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणी कर्ज काढलं, कुणी बुडवलं, सगळं त्या पानावर आहे. फक्त जन्माची नोंद नाही. आमच्या घराण्यात माणूस बाप गेल्यावरच नोंदीला लागतो.

आमचं शेत इंदापूर तालुक्यात. या तालुक्याचं भाग्य असं की शेतकऱ्याचं कल्याण करण्याची इंग्रजांना पहिली लहर आली ती इथेच. १८२०च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या साहेबाने या भागातल्या जमिनी मोजल्या आणि ठरवलं, की शेतकऱ्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा घ्यायचा. निव्वळ उत्पन्न म्हणजे बियाणं, बैल, मजुरी असा सगळा खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हातात उरतं ते. प्रिंगलसाहेबाने ते हिशेब करून काढलं. त्याच्याआधी ते कुणाला सापडलं नव्हतं आणि त्याच्यानंतर आजतागायत सापडलेलं नाही. सारा भरता भरता लोक शेतं टाकून निघून गेले. प्रिंगल हा माल्थसचा विद्यार्थी होता. माणसं वाढत जातात आणि अन्न पुरत नाही, हे सांगणारा तो माल्थस. गुरूचा सिद्धांत शिष्याला इंदापुरात सिद्ध करता आला नाही. तो पुढे आमच्या घराण्याने केला.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन साहेब आले. त्यांनी निव्वळ नफ्याचा शोध सोडून दिला, तेहतीस फुटी साखळी घेतली, जमिनीची प्रत आण्यांत ठरवली आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. त्या साखळीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आमच्या खापरपणजोबांच्या वडिलांच्या नावावर अठ्ठेचाळीस एकर लागले, त्यांतले पाच पोटखराबा. पोटखराब्याला सारा नसतो. मोजणी कामगारांना भर दुपारी नेमकं खडकावर नेऊन बसवायचं, तिथेच पिठलं-भाकरी घालायची आणि 'साहेब, सगळं असंच आहे बघा' म्हणायचं, हे आमच्या मूळपुरुषाचं धोरण घरात आजही अभिमानाने सांगितलं जातं. आमच्या घराण्याला लाभलेली ती पहिली आणि शेवटची करसवलत.

खापरपणजोबांनी विहीर खोदली. घडीव दगडाची, बारवेसारख्या पायऱ्यांची, दोन मोटा चालतील अशी. पाणी चाळीस फुटांवर लागलं आणि सावकार त्याच्या बराच आधी लागला. पुढे १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरं लुटली, खतं-रोखे जाळले आणि ते लोण आमच्या तालुक्यापर्यंत पोचलं. खापरपणजोबा त्यात होते, एवढंच नव्हे तर पुढे होते, असं घरात सांगतात. मात्र उत्साहाच्या भरात ते दुसऱ्याच सावकाराच्या दारात गेले. त्यामुळे गावातल्या बऱ्याच जणांची खतं जळाली आणि त्यांचं स्वतःचं सुखरूप राहिलं. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. विहिरीचं कर्ज मात्र पणजोबांनी फेडलं.

१८८५ साली नीरा डावा कालवा झाला. कालवा येणार म्हणून खापरपणजोबांनी त्या सावकारी विहिरीकडे दुर्लक्ष केलं. कालवा आला, पण आमचं गाव निघालं शेपटाला. कालव्याच्या शेपटाला असणं म्हणजे काय हे तिथे जन्मल्याशिवाय कळत नाही. वरच्या गावांचे ऊस, वरच्या गावांच्या विहिरी, वरच्या गावांची गुरं आणि वरच्या गावांची झोप आटोपली, की मग पाणी आमच्याकडे निघतं. आवर्तन सुटल्याची बातमी आम्हाला पहिल्यांदा मिळते आणि पाणी शेवटी. या दोन घटनांच्या मधल्या काळात जी पिढी वाढली तिच्यात राजकारणाची गोडी निर्माण झाली. गावात आजही जेवढे माजी सदस्य आहेत तेवढी झाडं नाहीत.

१९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि आमच्या बखरीचं रीतसर लेखन सुरू झालं. पहिल्या नोंदी कुलकर्ण्यांच्या हातच्या, मोडीतल्या. पणजोबांच्या पिढीत भावाभावांत भांडणं नव्हती अशी आमची श्रद्धा आहे, कारण त्या पिढीचे कागद आम्हाला वाचता येत नाहीत. मधे एका जाणकाराकडून दोन पानं वाचून घेतली. त्यानंतर उरलेली वाचायची नाहीत असं घरात एकमताने ठरलं. गेल्या पन्नास वर्षांत एकमताने झालेला तो एकच निर्णय.

पणजोबा धरून तीन भाऊ. अठ्ठेचाळीसाला तीनने भागलं की सोळा येतात, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. म्हणून तर आमच्याकडे तसं भागलं नाही. सलग सोळा-सोळा एकर केले असते तर एकाला सगळी काळी जमीन आली असती आणि दुसऱ्याला सगळी मुरमाड. तेव्हा न्याय झाला. काळीचे तीन तुकडे, मुरमाडीचे तीन, ओढ्याकाठच्या चोपणाचे तीन आणि पोटखराब्याचेही तीन. विहिरीचे तुकडे करता येईनात म्हणून पाण्याच्या पाळ्या केल्या. आंब्याच्या झाडाची फळं तिघांत, सावली मात्र ज्याच्या बांधावर पडेल त्याची. झाडाला हे कुणी सांगितलं नव्हतं. सूर्य दक्षिणायनात गेला की सावली थोरल्यांच्या रानातून धाकट्यांच्या रानात जायची आणि त्यावरून दरवर्षी एकदा पंच बसायचे.

हे फक्त आमच्याकडे होत होतं असं नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घर न् घर अभ्यास करून १९१७ साली पुस्तक काढलं. त्यात त्यांनी दाखवलं की या गावात एका खातेदाराकडे सरासरी जमीन १७७१ साली चाळीस एकर होती, १८१८ साली साडेसतरा, त्यानंतर चौदा आणि १९१४-१५ पर्यंत ती सातवर आली. डॉ. मान यांनी फार चिंता व्यक्त केली. त्यांनी आज पिंपळे सौदागरला यावं. चाळीस एकरांवरून सुरू झालेला तो प्रवास आता 'टू बीएचके, कार्पेट एरिया' इथवर पोचला आहे. जमिनीची विभागणी आडवी करायला जागा उरली नाही तेव्हा गावाने ती उभी केली. चौदाव्या मजल्यावर बांध नसतो, पण पार्किंग असतं, आणि पंच बसायचे ते बसतातच. त्यांना सोसायटीची कमिटी म्हणतात.

तुकडे फारच होऊ लागले म्हणून सरकारने तुकडेबंदीचा कायदा आणला. तोही १९४७ साली. देशाची फाळणी झाली त्याच वर्षी मुंबई सरकारने शेताची फाळणी बंद केली. ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा करायचा नाही, केला तर सरकार-दरबारी नोंद नाही. आम्ही कायदा मानणारी माणसं. आजोबा आणि चुलत आजोबांनी कागदावर कधीच वाटणी केली नाही. कागदावर दोघांचं सामायिक खातं, आणि जमिनीवर दोघांच्या मधे अडीच फुटांचा बांध. या बांधाला आजोबा 'आपला बांध' म्हणत आणि चुलत आजोबाही 'आपला बांध' म्हणत, पण त्या दोन 'आपल्यां'मध्ये अडीच फुटांचं अंतर होतं. नांगरणीच्या दिवसांत प्रत्येक जण आपल्या बाजूने वीतभर बांध कोरायचा. दोघेही इमानदारीने कोरत असल्याने बांध जागेवर राहिला, फक्त बारीक होत गेला. पुढे एकत्रीकरण योजना आली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. शेतकऱ्याचे विखुरलेले तुकडे एकत्र यावेत असा तिचा हेतू. आमच्या बाबतीत तिने विहीर चुलत आजोबांच्या गटात टाकली आणि पाळ्या आमच्याकडे ठेवल्या. तेव्हापासून आमचं पाणी परदेशी आहे.

मग कूळकायदा. कायदा १९४८चा, आणि कसणाऱ्याला मालक करण्याचा दिवस १ एप्रिल १९५७. तारीख ऐकून चुलत आजोबांनी बरेच दिवस विश्वास ठेवला नाही. आजोबांची अवस्था मोठी मजेदार होती. पुण्यात राहणाऱ्या एका मालकाचे चार एकर ते कूळ म्हणून कसत होते, आणि स्वतःचे लांबचे चार एकर त्यांनी एका गड्याला कूळ म्हणून दिले होते. कायद्याने पुण्याच्या मालकाचे चार एकर आजोबांना मिळाले आणि आजोबांचे चार एकर त्या गड्याला. हिशेब शून्याला शून्य. पण पहिले चार एकर हा सामाजिक न्यायाचा विजय होता आणि दुसरे चार हा सरकारी दरोडा, असं ते शेवटपर्यंत मानत. एकाच कायद्याखाली, एकाच दिवशी आपण क्रांतिकारकही झालो आणि लुबाडलेही गेलो, हे त्यांच्या मनात कधी एकत्र आलं नाही. पुण्याच्या मालकाचा विषय निघाला की म्हणायचे, "जमीन कसंल त्याची. घाम आमचा आन् जमीन त्याची?" गड्याचा विषय निघाला की म्हणायचे, "बापजाद्यांची जमीन, घाम गाळला म्हणून काय त्याची होती व्हय?" त्या दिवसापासून आजोबांनी एक दंडक घालून दिला: यापुढे आपल्या रानात कुणीही राबो, त्याचं नाव कागदावर येता कामा नये. आमच्या घराण्याने वाडवडलांचं जे एकच वचन आजवर पाळलं आहे, ते हे.

१९६१ साली कमाल जमीन धारणेचा कायदा आला आणि पुढे कोरडवाहूची मर्यादा चोपन्न एकरांवर आली. थोरामोठ्यांनी घाईघाईने बैलांच्या आणि कुत्र्यांच्या नावावर जमिनी केल्याच्या कथा तेव्हा गावोगावी रंगायच्या. आम्हाला त्याची झळ लागली नाही. आमचा झगडा किमान मर्यादेशी चाललेला होता.

प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि दहा-पंधरा वर्षांत ऊस हे पीक न राहता सामाजिक दर्जा झालं. आजोबांनी आठ एकरांतल्या अडीच एकरांत ऊस लावला, शेअर घेतला, पांढरी टोपी घेतली. उसाने त्यांना पैसा कितपत दिला हे माहीत नाही, पण वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क दिला, आणि तो त्यांनी पुरेपूर वसूल केला. उसाला पाणी लागतं, म्हणून खापरपणजोबांच्या विहिरीला खोदून आणखी खाली नेलं. त्यासाठी तगाई काढली. तगाईचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढला. आजोबांनी तो फेडला, पण फेडलेलं कर्ज कागदावरून उतरवायला वेगळा अर्ज लागतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ती तगाई पुढे कित्येक वर्षं सातबाऱ्यावर होती. शेवटी तिच्याकडे घरातल्या जुन्या माणसासारखं बघण्याची आम्हाला सवय झाली.

१९७२ला पाऊस आला नाही. बागायतदार म्हणून मिरवणारे आजोबा आजीसह पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो, कामावर सुकडी. आजी सांगायची, मिलोच्या भाकरीला तोंड वाकडं करणारी माणसं दुष्काळ संपल्यावर तिच्याच आठवणी सगळ्यांत चवीने सांगायला लागली. त्या वर्षाने आमच्या घराला एक धोरण दिलं. आजोबा खडीच्या ढिगावर बसून वडिलांना म्हणाले, "शिक. नोकरी धर. यात काही राम नाही." प्रत्येक शेतकरी बाप मुलाला हे सांगतो, आणि मुलगा खरोखर गेला की उरलेलं आयुष्य 'पोरांना मातीची ओढ नाही' असं गावाला सांगत फिरतो. तीन मुलांपैकी दोन गेली. वडील पुण्याला, मधले काका पिंपरीच्या कारखान्यात. धाकटे काका दहावीला तीनदा बसले आणि शेतीत राहिले. घराण्याची शेती टिकली ती गणित या विषयामुळे.

धाकट्या काकांनी डाळिंब लावलं. ऊस म्हातारा झाला, आता भगवा, असं ते म्हणायचे. ते राजकारणाबद्दल बोलत नसून वाणाबद्दल बोलत होते, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागे. ठिबक आलं, शेततळं आलं, बँक आली. तीन वर्षं डाळिंबाने अशी साथ दिली की काकांनी बांधावर उभं राहून फोनवर आम्हा नोकरदारांना पगार विचारायला सुरुवात केली. चौथ्या वर्षी तेल्या आला. फळांवर काळे तेलकट डाग पडले आणि काकांनी फोन उचलणं बंद केलं. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा तेवढा वाढला. त्यानंतर महाराष्ट्रात जितक्या निवडणुका झाल्या तितक्या वेळा सातबारा कोरा करण्याच्या घोषणा झाल्या. २०१७ची कर्जमाफी आली तेव्हा काकांनी नुकतंच उसनवारी करून कर्ज नियमित केलं होतं. २०१९ची आली तेव्हा दुसऱ्या कुठल्याशा निकषात ते बसले नाहीत. प्रामाणिकपणा कोणत्या महिन्यात करावा याचं पंचांग निघायला हवं, असं त्यांचं मत आहे.

त्याच इतर हक्कांच्या रकान्यात, तगाई आणि बँक यांच्या मधे, माझ्या दोन आत्या राहत होत्या. आजोबा गेल्यावर वारस म्हणून त्यांची नावं आली होती, पण बहिणींची नावं कब्जेदारांच्या रकान्यात कशाला, म्हणून तिकडे. बोजांच्या शेजारी. हिंदू वारसा कायदा १९५६चा. २००५च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. ही बातमी सगळ्या महाराष्ट्रातल्या भावांना एकाच वेळी कळली असावी, कारण त्या वर्षी बहिणींना दिवाळीचं आमंत्रण फार अगत्याने गेलं. थोरल्या आत्याने साडी-चोळी घेतली, हक्कसोडपत्रावर सही केली, 'भावांचं घर नांदतं राहू दे' म्हणून डोळे पुसले आणि पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नकार्यात ते ऐकवलं. त्या सहीची किंमत आम्ही हप्त्याहप्त्याने अजून भरतो आहोत.

धाकटी आत्या मात्र वेगळीच निघाली. वडिलांनी साडी पुढे केली तेव्हा म्हणाली, "दादा, साडी मला माझा मालक घेतो. तू गुंठे दे." घरात दुष्काळापेक्षा मोठी शांतता पसरली. महिनाभर बोलणी झाली. शेवटी भावांनी मोठ्या मनाने तिच्या वाट्याच्या दोन एकरांत पोटखराबा जितका बसेल तितका बसवला. रस्त्याकडेचा, मूळपुरुषाने साहेबाला पिठलं-भाकरी घातलेला तो खडक. काळी रानं आम्ही ठेवली. आत्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. पुढे पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला. भूसंपादनाचा मोबदला खडकाला मिळाला, काळी रानं बघत राहिली. उरलेल्या खडकावर आज ढाबा आहे, टायरचं दुकान आहे आणि दोन्हींचं भाडं आत्याला येतं. पावणेदोनशे वर्षांत या शेतातून निव्वळ उत्पन्न काढलेली आमच्या घराण्यातली ती पहिली व्यक्ती. प्रिंगलसाहेब पोटखराबा सोडून बाकीकडे शोधत राहिला, तिथे त्याचं चुकलं.

आता आमची पिढी. राज्यात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ पर्यंत ती १.३४ वर आली. आम्ही सरासरीच्या बरेच पुढे आहोत. आजोबांचे आठ एकर, चार वाटेकरी, म्हणून वडिलांचे दोन. आम्ही तिघं भावंडं, म्हणून माझे सव्वीस गुंठे आणि वर दोन तृतीयांश. हा दोन तृतीयांश गुंठा म्हणजे ७२६ चौरस फूट, माझ्या पुण्यातल्या फ्लॅटपेक्षा मोठा. सातबाऱ्यावर हे हेक्टरांत येतं: शून्य दशांश सत्तावीस. खापरपणजोबांच्या विहिरीत माझा बहात्तरावा हिस्सा आहे. आठ दिवसांच्या पाळीत माझे दोन तास चाळीस मिनिटं येतात, तीही रात्री, वीज असली तर. न्यू जर्सीला असलेल्या माझ्या चुलत भावाचीही तेवढीच पाळी आहे. तिकडे तेव्हा दिवस असतो, म्हणून मोटर त्यानेच सुरू करावी अशी सूचना मध्यंतरी आली होती.

एवढीशी जमीन विकत का नाही, असं बाहेरचे विचारतात. त्यांना कळत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर माणूस आधी शेतकरी किंवा शेतमजूर असावा लागतो. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सातबारा. तेव्हा उद्या कधी जमीन घ्यावीशी वाटली तर घेता यावी म्हणून आज ही जमीन धरून ठेवायची, आणि उद्या ती मुलांना द्यायची, म्हणजे त्यांनाही पुढेमागे घेता येईल. शिवाय लग्नाच्या बाजारात 'गावाकडे बागायत शेती' ही ओळ अजून चालते. बागायत किती हे मुलीकडचे विचारत नाहीत आणि मुलगा शेतात राहणार असेल तर मुलगी देत नाहीत. शेती असावी, पण शेतकरी नसावा, असं ते स्थळ असतं.

आमचा वारसांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर शेतीच्या योजना येतात. एकाला चंदन लावायचं आहे, एकाला बांबू, एकाला ड्रॅगन फ्रूट. पिंपरीच्या काकांच्या मुलाला कृषी पर्यटन केंद्र काढायचं आहे. त्यात पाहुण्यांना बैलगाडी, हुरडा, चुलीवरची भाकरी आणि 'अस्सल ग्रामीण जीवनाचा अनुभव' मिळेल. धाकटे काका गेली चाळीस वर्षं हा अनुभव घेत आहेत. त्यांनी विचारलं, तिकीट कुणाला द्यायचं?

मध्यंतरी सगळ्यांच्या मनात एकदाच येऊन आम्ही जमिनीची सरकारी मोजणी मागवली. फी भरली, तारीख पडली, तारीख पुढे गेली, मग मोजणीदार यंत्र घेऊन आले. सगळे हिस्सेदार आपापल्या गाड्या घेऊन हजर. बांधावर एवढ्या गाड्या बघून गावाला वाटलं, कुणी गेलं. दिवसभर मोजणी चालली, खुणा पडल्या, आणि संध्याकाळी निकाल लागला: प्रत्येकाची जमीन थोडी कमी भरली. कमी सगळ्यांची, जास्त कुणाचीच नाही. उरलेली गेली कुठे यावर रात्री मोठी खलबतं झाली. थोड्या वेळाने धाकट्या काकांनी उलगडा केला. दोन पिढ्यांत एवढे बांध झाले होते की काही गुंठे बांधांखालीच गेले होते. भांडणासाठी राखीव जमीन. तिच्यात गवत मात्र उत्तम येतं.

हे सगळं चालू असताना शेतात पीक असतं. ते कोण काढतं हा प्रश्न ग्रुपवर कधी येत नाही. काकांचे गुडघे गेल्यापासून सगळ्यांची रानं एकच वाटेकरी करतो, अर्धेलीने. त्याचा बापही आमच्याकडेच राबायचा. कुठल्या चुलत भावाचा बांध कुठे संपतो, विहिरीतला झरा कोणत्या कोपऱ्यात आहे, आंबा कोणत्या वर्षी मोहरून गळला, हे त्याला पाठ. आम्ही सगळे एकमेकांवर संशय घेतो आणि सगळे त्याच्यावर विश्वास ठेवतो. आजोबांच्या दंडकाप्रमाणे त्याचं नाव मात्र कुठल्याही कागदावर नाही.

२०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आता बाराव्या नमुन्यातलं पीक शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, मोबाइलवर फोटो काढून नोंदवायचं असतं. आम्हा शेतकऱ्यांना शेतात उभं राहणं जमण्यासारखं नव्हतं. सुदैवाने एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. तेव्हा वाटेकरी त्याच्या मोबाइलवर आमची सगळ्यांची खाती उघडतो, प्रत्येकाच्या तुकड्यात जातो, फोटो काढतो आणि आमच्या नावाने आम्ही ज्वारी पेरल्याचं जाहीर करतो. ओटीपी आला की न्यू जर्सीवाला झोपेतून उठून कळवतो. त्याच्या शेतीत त्याचा एवढा सहभाग आहे.

गेल्या वर्षी वाटेकऱ्याने शेजारच्या गावात दोन एकर घेतले. आमची अर्धेली आणि लोकांकडे भाड्याने मारलेला ट्रॅक्टर, त्यातून साठवलेले पैसे. पेढे घेऊन तो पुण्याला आला आणि डिजिटल सहीचा ताजा सातबारा त्याने माझ्यापुढे ठेवला. मी तो दोनदा वाचला. सातव्यात एकच नाव, त्याचं. बाराव्यात पीक, त्यानेच पेरलेलं. इतर हक्कांत काही नाही. बँक नाही, तगाई नाही, आत्या नाही. असा सातबारा आमच्या घराण्यात विंगेटसाहेबानंतर कुणी पाहिला नव्हता. मी मनापासून अभिनंदन केलं, पेढा घेतला आणि सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघं," तो म्हणाला, "तीन पोरं, दोन पोरी. सगळे एका जिवाचे हायत, दादा."